मनगटाच्या एक्स-रेतल्या दोन पांढऱ्या रेषा

जळगाव-धुळ्याचं सरकारी रुग्णालय असो की चोपडा-शिरपूरकडचा छोटा दवाखाना, पडून मनगट मोडलेल्या माणसाच्या एक्स-रेत डॉक्टरांची नजर आधी हाडावर जाते, आणि तसंच व्हायला हवं. पण साठी ओलांडलेल्या, विशेषतः मधुमेह जुना असलेल्या रुग्णाच्या फिल्मवर कधीकधी हाडाच्या शेजारून रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेषा जाताना दिसतात. ती धमनी असते. निरोगी धमनी साध्या एक्स-रेत उमटत नाही. भिंतीत कॅल्शियम साचलं की दिसू लागते. दुखणं हाडाचं असल्यामुळे त्या रेषांचा विषय सहज मागे पडतो. मला वाटतं, रिपोर्टमध्ये त्यांची एका ओळीत नोंद व्हावी आणि ती ओळ वाचून रुग्णाच्या हृदयाची, मूत्रपिंडाची आणि शुगरची चौकशी सुरू व्हावी.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप शास्त्रातूनच येतो, आणि तो वजनदार आहे. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. हार्ट अटॅक येतो तो बहुतेक वेळा आतल्या थरात चरबी साचून, तो थर फाटून आणि तिथे रक्ताची गुठळी होऊन. हातातलं कॅल्शियम मात्र बहुधा मधल्या, स्नायूंच्या थरात असतं. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ म्योंकेबर्ग यांनी 1903 मध्ये या प्रकाराचं वर्णन केलं. त्यात रक्ताची वाट सहसा अरुंद होत नाही. मग हृदयाशी त्याचा काय संबंध? संबंध मुळाशी आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली किंवा मूत्रपिंड थकून फॉस्फरस साठू लागला, की मधल्या थरातल्या स्नायूपेशी आपलं काम सोडून हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. हीच साखर, हाच मूत्रपिंडाचा आजार हृदयाच्या धमन्याही पोखरत असतो. फिनलंडमध्ये टाइप 2 मधुमेहाच्या 1059 रुग्णांवर सात वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्याचे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले: मांडीच्या धमनीत मधल्या थरात कॅल्शियम असलेल्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त होते. पोर्तुगालमधल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये डायलिसिसवरच्या रुग्णांच्या हातांचे आणि कमरेचे साधे एक्स-रे तपासले, तेव्हाही कॅल्शियम जास्त तिथे धोका जास्त, असंच दिसलं. हे अभ्यास मधुमेह आणि डायलिसिसच्या रुग्णांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. शुगर नसलेल्या, मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या ऐंशीच्या आजोबांच्या हातातल्या रेषेला तेवढंच वजन देता येणार नाही.

दुसरी भीती व्यवहारातली: अशी ओळ लिहिली की माणूस घाबरेल, आणि शेत गहाण टाकून अँजिओग्राफीसाठी नाशिक-मुंबई गाठेल. ही भीती खोटी नाही. म्हणूनच हातातल्या कॅल्शियमवरून थेट अँजिओग्राफी करू नये. छातीत दुखत नसेल, चालताना दम लागत नसेल तर आधी तालुक्याच्या गावीही होण्यासारख्या तपासण्या पुरतात: रक्तदाब, शुगर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, लघवीतली प्रथिनं आणि ईसीजी. तंबाखू आणि विडीबद्दल स्पष्ट विचारावं. हृदयाच्या धमन्यांमधलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन आहे, त्याची गुणपद्धत अगॅटस्टन यांनी 1990 मध्ये मांडली. पण तो प्रत्येकाला लागत नाही. आपल्याकडे ही चौकशी लवकर व्हायला हवी, याला कारण आहे. अनेक देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हार्ट अटॅक सरासरी 53व्या वर्षी आल्याचं दिसलं. इतरांमध्ये हे वय जवळपास 59 होतं.

रेषा दिसली नाही म्हणून हृदय सुरक्षित, असाही अर्थ काढू नये. साध्या एक्स-रेत थोडंसं कॅल्शियम दिसतच नाही. आणि ती दिसली म्हणून दूध-दही बंद करण्याचं किंवा हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवण्याचं कारण नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं. आणखी एक गोष्ट रक्तदाब मोजणाऱ्यांसाठी. दंडातली धमनी फार कठीण झाली असेल तर पट्ट्याचा दाब तिला नीट चेपू शकत नाही आणि आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. औषधं वाढवूनही आकडा खाली येत नाही, उलट रुग्णाला उभं राहताना चक्कर येते, अशा वेळी आणखी एक गोळी लिहिण्याआधी त्याच्या हाताचा जुना एक्स-रे असेल तर तो मागवून पाहावा.