सदाफुली पिकते सोपी, विकते अवघड!

परसदारी, तुळशीवृंदावनाशेजारी, नाहीतर गावाबाहेरच्या पडक्या भिंतीच्या कडेला सदाफुली कुणी पाहिली नाही? पाणी घाला, न घाला, बाराही महिने फुलणार. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. म्हणूनच "औषधी पीक आहे, एकरभर लावून बघू" असा विचार काहींच्या मनात येतो. अशा शेतकरी बंधूंनी आधी चार गोष्टी जाणून घ्याव्यात.

हे झुडूप मूळचे आपले नव्हे. ते आफ्रिकेच्या पूर्वेकडील मादागास्कर बेटावरचे. शोभेसाठी ते जगभर गेले. जमैकात लोक त्याच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. ती पाने कॅनडात तपासली तेव्हा साखर काही उतरली नाही, मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातूनच रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली विनब्लास्टीन हे द्रव्य जगापुढे मांडले. पुढे विनक्रिस्टीन आले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. मुळांतून निघणारे अजमॅलिसीन रक्ताभिसरणाच्या औषधात जाते.

लागवड अशी करा

जमीन हलकी ते मध्यम चालेल, पण निचरा हवाच. पाणी साचले की शेंडे मरतात, झाडे कुजतात. भारी काळ्या रानात हा धोका जास्त. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने 'निर्मल' आणि 'धवल' हे पांढऱ्या फुलांचे वाण दिले आहेत.

बी अगदी बारीक असते. ते ताजेच घ्या, जुने नीट उगवत नाही. पेरायचे तर एकरी किलोभर बी दहापट वाळूत मिसळून, पावसाच्या सुरुवातीला दीड फुटाच्या ओळीत टाका. रोपे करायची तर पाव किलोसुद्धा पुरते. उन्हाळ्यात गादीवाफ्यावर टाकून दोन महिन्यांची रोपे दीड बाय एक फुटावर लावा. एकरी तीसएक हजार रोपे बसतात. सुरुवातीच्या दोन खुरपण्या चुकवू नका. पाने बारीक होऊन झाड झुडपटले तर ते उपटून जाळा.

सहाव्या आणि नवव्या महिन्यात पाने तोडा. बाराव्या महिन्यात झाड जमिनीपासून तीन बोटे वर कापा आणि मग मुळे खणा. माल सावलीत वाळवा. कोरडवाहूत एकरी साधारण आठ क्विंटल सुकी पाने व तीन क्विंटल मुळे मिळतात. पाणी असेल तर चौदा क्विंटल पाने आणि सहा क्विंटल मुळे.

गोम इथेच आहे

औषध महाग, म्हणजे पानालाही सोन्याचा भाव, हा हिशेब चुकीचा. एक ग्रॅम द्रव्यासाठी शेकडो किलो सुकी पाने लागतात. खरी किंमत ते द्रव्य वेगळे काढण्यात आहे आणि ते काम कारखान्याचे. घेणारे मोजके, म्हणून भाव त्यांच्या हातात. शिवाय २०२२ साली शास्त्रज्ञांनी विनब्लास्टीनचे दोन मूळ घटक यीस्टमध्ये तयार करून दाखवले. उद्या शेतमालाची गरज घटूही शकते.

ज्वारी विकली नाही तर घरी खाता येते, कडबा जनावरांना होतो. सदाफुलीचे तसे नाही. तिचा सारा पाला विषारी. "साखरेवर चांगली" म्हणून उपाशीपोटी पाने चघळणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा रोपे नंतर, गिऱ्हाईक आधी. भाव, प्रतवारी, ओलाव्याची मर्यादा, वाहतूक कुणाची आणि पैसे किती दिवसांत, हे सारे कागदावर घ्या. नुसत्या 'बायबॅक'च्या तोंडी बोलीवर रोपे विकणाऱ्याला पैसे देऊ नका. गावातल्या अधिकाऱ्यांनीही असा करार शेतकऱ्याला वाचून दाखवावा आणि पेरा सातबाऱ्यावर नीट नोंदला जातोय का ते पाहावे.

पहिल्या वर्षी चार-पाच गुंठेच लावा. माल विकून पैसा हातात आला, की मग एकराचे बघू.