मोटारीचा श्वास : थंड हवेची नळी निवडताना व बसविताना

महाराष्ट्रातील वाचकांना होळकरांचे इंदूर परके नाही. तेथील महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्याकडे १९३० च्या दशकात ‘ड्यूसेनबर्ग एसजे’ ही अमेरिकन मोटार आली. तिची बांधणी लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने केली होती. या मोटारीच्या साध्या ‘जे’ प्रकाराची शक्ती निर्मात्याने २६५ अश्वशक्ती सांगितली होती, तर ‘एसजे’ची ३२०. सुमारे सात लिटरचे इंजिन दोहोंत मूलतः एकच. फरक मुख्यतः एवढाच की ‘एसजे’मध्ये हवा दाबून भरणारा पंखा बसविलेला असे. केवळ अधिक हवा मिळाल्याने एवढे बळ वाढते, हे तेव्हापासून मोटारशौकिनांच्या मनात पक्के बसले आहे.

आज इंदूर, पुणे वा नागपूर येथील तरुण आपल्या वेगवान मोटारीला बाजारातून आणलेली ‘कोल्ड एअर इनटेक’, म्हणजे थंड हवा घेणारी नळी, बसवू पाहतात त्यामागे हीच कल्पना आहे. मात्र ही नळी हवा दाबून भरीत नाही. इंजिन स्वतः ओढून घेते ती हवा अधिक थंड व विनाअडथळा मिळावी एवढेच तिचे काम. हा भेद ध्यानी न घेतल्यास अपेक्षाभंग ठरलेला आहे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते पेट्रोलपेक्षा कितीतरी अधिक हवा खाते. एक भाग पेट्रोल पूर्ण जाळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. म्हणजे एका लिटरमागे जवळजवळ ११ किलो, आकारमानाने सुमारे ९,००० लिटर. हवा तापली की विरळ होते. बाहेर ३५ अंश सेल्सिअस तापमान असताना बॉनेटखाली ६५ अंश असेल, तर तेथील तेवढ्याच हवेचे वजन सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरते. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब मुंबईपेक्षा मुळातच सुमारे ६ टक्क्यांनी कमी असतो.

आमच्या शेतकरी बांधवांना यात नवल वाटू नये. अनेक ट्रॅक्टरांच्या बॉनेटवर उभी नळी असते व तिच्या डोक्यावर धूळ गोळा करणारे भांडे. जमिनीलगतची तापलेली, धुळीची हवा टाळून वरची हवा घ्यावी, हा हेतू तेथेही आहेच. किंबहुना धुळीच्या बाबतीत ट्रॅक्टरची व्यवस्था शौकीन मोटारीच्या उघड्या जाळीपेक्षा अधिक शहाणपणाची म्हणावी लागेल.

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आढळतात. पहिल्यात आखूड नळीच्या टोकाला शंकूच्या आकाराचा फिल्टर बॉनेटखालीच उघडा राहतो. तो स्वस्त असतो व त्याचा आवाज भारदस्त येतो. परंतु तो इंजिनाचीच तापलेली हवा ओढतो. आवाज म्हणजे शक्ती नव्हे! दुसऱ्या प्रकारात फिल्टर बंद डब्यात असतो किंवा नळी बंपर वा मडगार्डकडे नेलेली असते. थंड हवा मिळते ती येथे. तथापि बहुतेक आधुनिक मोटारींचा मूळ डबाही पुढच्या जाळीमागूनच बाहेरची हवा घेत असतो. म्हणून नवी नळी लावून होणारा लाभ अनेकदा थोड्या अश्वशक्तींपुरताच राहतो. टर्बो असलेल्या इंजिनात हवा दाबल्यावर ‘इंटरकूलर’ तिला थंड करतो, त्यामुळे तेथील हिशेब निराळा.

पावसाळ्याचा विचार तर अगत्याने करावा. बंपरपर्यंत खाली नेलेले तोंड तुंबलेल्या रस्त्यावर पाणी ओढू शकते. हवेप्रमाणे पाणी दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले की कनेक्टिंग रॉड वाकतो व सारे इंजिन उकलावे लागते. उन्हाळ्यातील धूळ सावकाश, पण तितकेच नुकसान करते. फिल्टरमधून सुटलेले बारीक कण पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत घासतात. तेव्हा हवा किती मोकळी जाते यासोबत धूळ किती अडते, हेही विक्रेत्यास विचारावे.

बसविण्याचे काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावर करावे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी. हवामापक (त्यातील तापलेल्या बारीक तारेवरून हवेचे वजन कळते) असल्यास त्याची जोडणी हलक्या हाताने काढावी. तारेस बोट लावू नये. मापकावरील बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे इंजिनाकडे, राहील असा तो नव्या नळीत बसवावा. नळीचा व्यास तेथे मूळापेक्षा वेगळा असेल तर मापन चुकते आणि पेट्रोलचे प्रमाण बिघडते. यास्तव आपल्याच मोटारीसाठी तयार केलेला संच घ्यावा. रबरी जोड व क्लँप प्रथम सैल ठेवून नळी पट्ट्याला, पंख्याला वा बॉनेटला घासत नाही हे पाहावे, मगच आवळावे. इंजिनाची बाष्पनळी पूर्वीच्याच जागी जोडावी. सुरू केल्यावर फुसफुस ऐकू आल्यास कोठेतरी हवा गळत आहे असे समजावे. त्या फटीतून न गाळलेली हवा व धूळ आत जाते. तेल लावण्याच्या कापडी फिल्टरला तेल मोजकेच लावावे, अन्यथा ते मापकाच्या तारेवर बसते.

कायद्याच्या बाजूने पाहता, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. धूर व आवाजाच्या मर्यादा निराळ्या आहेतच. म्हणून खरेदीपूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे व निर्मात्याच्या सेवाकेंद्राकडे लेखी विचारणा करावी. हमीच्या अटी तेथेच कळतील.

लाभ झाला की नाही, हे कानांनी ठरवू नये. इंदूरजवळच, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे ‘नॅट्रॅक्स’ ही वाहनचाचणी संस्था असून तिच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. वाहनाचे गुण तेथे मोजून पाहतात, ऐकून नव्हे. सामान्य मालकाने निदान शक्तिमापक यंत्र असलेल्या गॅरेजात नळी बसविण्यापूर्वी व नंतर, एकाच हवामानात, मोजणी करून घ्यावी. काढलेला मूळ डबा मात्र भंगारात देऊ नये. मोजणीत लाभ न दिसल्यास, किंवा जून महिना जवळ आल्यावर, तोच पुन्हा लागेल.