चोर दिसतो, पण धरायचा कुणी?

हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला क्रोझे आणि केर्गुलेन ही फ्रान्सची ओसाड बेटं आहेत. 2018च्या नोव्हेंबरपासून तिथे फ्रेंच शास्त्रज्ञ आँरी वेमर्सकिर्श यांचा चमू अल्बट्रॉस पक्ष्यांच्या पाठीवरच्या पिसांना एक यंत्र चिकटवत होता. वजन शंभर ग्रॅमच्या आत. त्यात जीपीएस, इवलीशी सौरपट्टी, उपग्रहाला संदेश धाडणारा अँटेना आणि मुख्य म्हणजे जहाजाच्या रडारचे तरंग टिपणारा संवेदक. पंख पसरले की तीन मीटर भरणारा हा पक्षी अन्नासाठी हजारो किलोमीटर भटकतो आणि मासेमारीचं जहाज त्याला तीस किलोमीटरवरूनही कळतं. जहाज म्हणजे गळाला लावलेलं आमिष, फेकून दिलेली आतडी, थोडक्यात आयतं जेवण. पक्षी जवळ गेला की यंत्राला रडारची चाहूल लागते आणि ती जागा उपग्रहामार्फत शास्त्रज्ञांना कळते.

याची गरज का पडली? मोठ्या जहाजांवर ‘एआयएस’ नावाची यंत्रणा असते. जहाजाचं नाव, जागा, वेग आणि दिशा ती सतत प्रसारित करते. मूळ हेतू टक्कर टाळण्याचा, पण तीच पुढे पहारेकऱ्यांच्या कामी आली. अडचण एवढीच, की ती बंद करता येते. 169 पक्ष्यांनी जमवलेली माहिती एआयएसच्या नोंदींशी ताडून पाहिली, तेव्हा खुल्या समुद्रातल्या 37 टक्के जहाजांचा तिथे पत्ताच नव्हता. यंत्रणा बंद ठेवणारा प्रत्येक जण चोर असतो असं नाही. चाच्यांच्या टापूतून जाणारा प्रामाणिक कप्तानही कधी कधी ती बंद करतो, कारण चाचेही एआयएस पाहू शकतात.

पक्षी सगळीकडे पुरणार नाहीत. उत्तर कोरियाच्या समुद्रासाठी म्हणूनच वेगळी युक्ती करावी लागली. दक्षिण कोरिया, जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी चार प्रकारची माहिती एकावर एक ठेवली: एआयएस, रडार उपग्रह, रात्रीचा उजेड टिपणारा उपग्रह आणि दिवसाची छायाचित्रं. रडारच्या लहरी लोखंडी सांगाड्यावरून परततात; त्यांना ढग आडवे येत नाहीत आणि अंधारही. दोन जहाजं जोडीनं जाळं ओढतात, तो जोडीचा आकार छायाचित्रांत ओळखायला संगणकाला शिकवलं. माकुल पकडणाऱ्या बोटी तर प्रखर दिव्यांमुळे अवकाशातूनही लखलखतात. (एलईडी मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडणाऱ्या कोकणातल्या पारंपरिक मच्छीमारांना हा झगमगाट नवा नाही.)

2020 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चीनमधून आलेल्या नऊशेहून अधिक बोटी 2017 मध्ये आणि सातशेहून अधिक 2018 मध्ये त्या पाण्यात होत्या. दोन वर्षांत त्यांनी अंदाजे 1 लाख 60 हजार टनांहून अधिक माकुल उपसलं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे परदेशी बोटींनी तिथे मासेमारी करणंच गैर होतं. हुसकावले गेलेले उत्तर कोरियाचे गरीब मच्छीमार लाकडी होड्या घेऊन दूर रशियाच्या हद्दीकडे जाऊ लागले. त्यांतल्या कित्येक होड्या भरकटत जपानच्या किनाऱ्याला लागल्या, काहींत नुसते मृतदेह.

दिसण्याची अडचण अशी बरीचशी सुटली. घोडं पेंड खातं ते कायद्यापाशी.

चाचा हा सगळ्या जगाचा गुन्हेगार. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार खुल्या समुद्रात त्याला कोणत्याही देशाची युद्धनौका पकडू शकते आणि तो देश त्याच्यावर खटला चालवू शकतो. ‘रुएन’ या मालवाहू जहाजाचं उदाहरण घ्या. झेंडा माल्टाचा, खलाशी बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाचे, अपहरणकर्ते सोमाली. डिसेंबर 2023 मध्ये पळवलेलं हे जहाज पुढच्या मार्चमध्ये भारतीय किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर ‘आयएनएस कोलकाता’नं अडवलं. चाच्यांनी नौदलाचं ड्रोन पाडलं. हवाई दलाच्या विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो बोटींसह समुद्रात उतरले. चाळीस तासांनी 35 चाचे शरण आले, 17 खलाशी सुटले आणि 23 मार्चला चाच्यांना मुंबई पोलिसांच्या हवाली केलं गेलं. खटल्यासाठी भारताचा 2022 चा सागरी चाचेगिरीविरोधी कायदा तयार होता.

त्याच जागी एखादा ट्रॉलर चोरून टूना भरत असता, तर? नौदलानं फार तर फोटो काढले असते. खुल्या समुद्रात मासेमारी जहाजावर हुकूम चालतो तो प्रामुख्यानं ज्याचा झेंडा त्या देशाचा, आणि पैसे मोजले की झेंडा देणारे देश मिळतात. सोमालियाच्या लोकांनी हे फार पूर्वी भोगलं. 1991 मध्ये तिथलं सरकार कोसळल्यावर परदेशी ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत घुसले. चाच्यांनी स्वतःला ‘तटरक्षक’ म्हणवून घेतलं ते याच तक्रारीच्या जोरावर. खंडणीची चटक लागल्यावर मात्र त्या तक्रारीशी त्यांचं देणंघेणं उरलं नाही.

मासा कधीतरी धक्क्यावर उतरवावाच लागतो. ही दुखरी नस ओळखून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं केलेला बंदरविषयक करार 2016 पासून लागू आहे. परदेशी जहाजानं आधी वर्दी द्यायची. संशय आला तर बंदर त्याला प्रवेश, इंधन, दुरुस्ती सगळं नाकारू शकतं. शंभराहून अधिक देश या करारात बांधले गेले आहेत. पळवाट उरते ती भर समुद्रात शीतपेट्यांच्या मालवाहू जहाजावर मासळी चढवण्याची. तिथे चोरीचा माल रीतसर मालात मिसळतो. दोन जहाजं तासन् तास एकमेकांना चिकटून उभी असलेली उपग्रहाला दिसतात. पण तो माल उतरताना कागद मागणारा, कोठार उघडायला लावणारा निरीक्षक बंदरात लागतो, आणि आज तोच कमी पडतो आहे.