काळ्या बुरशीची ओळख

पावसाळा लागला की आपल्या उत्तनमध्ये घरोघरी एक पाहुणी न बोलावता येते. ती म्हणजे बुरशी. वलांडीवर वाळवलेले बोंबील आपण उन्हाळ्यात भरून ठेवतो. त्यांत जरा ओल राहिली, की आषाढात वर कापसासारखे काहीतरी दिसू लागते. भाकरीवर, चपलेवर, भिंतीवर, सगळीकडे ती येते.

ती येते कुठून? हवेतून. बुरशीला बी असते. ते इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला बीजाणू म्हणतात. माती, शेण, कुजका पाला यांतून बीजाणू उडतात. आपण रोज ते श्वासाबरोबर आत घेतो. तरी आपल्याला बहुधा काही होत नाही. धडधाकट शरीर त्यांना मारून टाकते.

मग भीती कुणाला? ज्याच्या रक्तातली साखर फार वाढली आहे, त्याला. ज्याला स्टेरॉइड नावाचे औषध पुष्कळ दिले गेले आहे, त्याला. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हेच घडले. महाराष्ट्रात हजारो लोकांना म्युकरमायकोसिस झाला. लोक त्याला काळी बुरशी म्हणू लागले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवले, की १८९७ च्या साथरोग कायद्याखाली या रोगाच्या प्रत्येक रोग्याची खबर द्यावी.

खरे तर ही बुरशी काळी नसते. ती रक्ताच्या बारीक नळ्यांत शिरून त्या बंद करते. रक्त न मिळाल्यामुळे तिथले मांस मरते आणि काळे पडते.

आमच्या ओळखीचे एक नाखवा कोरोनातून बरे होऊन घरी आले. त्यांना मधुमेह होता. आठ दिवसांनी एका बाजूचे नाक चोंदले. गाल दुखू लागला, बधिर झाला. घरचे म्हणाले, "सर्दी असेल, वाफ घ्या." पण त्यांच्या सुनेने ऐकले नाही. त्याच दिवशी त्यांना मुंबईच्या इस्पितळात नेले. म्हणून डोळा वाचला, जीवही वाचला. उशीर झाला असता, तर बुरशी नाकातून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूत गेली असती.

इस्पितळात डॉक्टरांनी नाकातला मांसाचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवला. तिथे पुढे काय करतात? आमची एक जुनी विद्यार्थिनी असेच काम करते. तिने आम्हाला सांगितले, "गुरुजी, तुकडा कुटायचा नाही. कुटला तर बुरशीचे धागे तुटतात, मग ती उगवत नाही. पात्याने बारीक कापायचा." थोडा भाग एका तीव्र क्षारात ठेवतात. त्यात मांस विरघळते आणि धागे उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ते रुंद धागे दिसतात. बाकीचे तुकडे बशीतल्या अन्नावर पेरतात. ही बुरशी इतकी झपाट्याने वाढते, की दोन-तीन दिवसांत बशी भरून झाकणाला टेकते.

इथेच धोका आहे. झाकण उघडले की बीजाणू उडणार. म्हणून तिथले नियम कडक असतात. बशीला कडेने पट्टी लावतात. ती उघडायची तर हवा आत ओढून गाळणाऱ्या खास कपाटातच. हातात मोजे घालायचे. वास घेऊन बघायचे नाही. तिथे खायचे नाही, पाणीही प्यायचे नाही. काम झाले की बशी तशीच केरात टाकत नाहीत. प्रेशर कुकरसारख्या मोठ्या भांड्यात, १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत, निदान १५ मिनिटे ठेवून बुरशी मारतात. शेवटी साबणाने हात धुतात.

हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही. म्हणून रोग्याला वाळीत टाकू नका. त्याची सेवा करा.

प्रयोगशाळेची ही शिस्त थोडीशी आपल्या घरातही हवी. बुरशी आलेले पोते जोराने झटकू नका. आधी नाकातोंडावर कापड बांधा. पोते पाण्याने ओले करा, मग साफ करा. मधुमेह असलेल्या माणसाला हे काम सांगूच नका. बुरशी धरलेले बोंबील, शेंगदाणे, मका पुसून खाऊ नका. १९७४ साली गुजरात आणि राजस्थानच्या काही गावांत बुरशीचा मका खाऊन काविळीने शंभरावर माणसे दगावली. ती बुरशी निराळी. तिचे विष भाजून किंवा शिजवूनही पुरते जात नाही.

आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवा. साखर तपासत राहा. स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नका, आणि चालू असेल तर मनाने बंदही करू नका. मधुमेह असताना एका बाजूचे नाक चोंदले, काळसर पाणी आले, चेहरा बधिर झाला, दात हलू लागले किंवा एकाच्या जागी दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

दर्यावर ढग काळा झाला की आपण होडी वळवतो. वादळ येईतो थांबत नाही. इथेही तसेच करावे.