विश्लेषण : ‘ओ’ रक्तगट गंभीर हिवतापापासून वाचवतो का?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील चिखला मँगनीजच्या खाणीसाठी ओळखले जाते. पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात ताप आला की हिवतापाची शंका घेतली जाते. पण कुणाचा ताप गोळ्यांनी उतरतो, तर कुणाची शुद्ध हरपते. या फरकामागच्या अनेक कारणांपैकी एक आहे रक्तगट.

रक्तात नेमके काय घडते?

फॅल्सिपेरम जातीचा परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी निरोगी पेशींना चिकटून गुच्छ तयार करतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि मेंदूसारख्या अवयवांना प्राणवायू कमी पडतो. ‘ए’ आणि ‘बी’ गटांच्या पेशींवरील विशिष्ट शर्करांमुळे हे गुच्छ घट्ट होतात. ‘ओ’ गटात त्या शर्करा नसल्याने गुच्छ लहान आणि सैल राहतात.

पुरावा काय?

आफ्रिकेतील माली देशातील मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ‘ओ’ गटाच्या मुलांमध्ये गंभीर हिवतापाची शक्यता ६६ टक्क्यांनी कमी आढळली.

मग ‘ओ’ गटवाल्यांनी निर्धास्त राहावे का?

नाही. लागण त्यांनाही होते आणि आजार गंभीरही होऊ शकतो. कॉलऱ्यात तर चित्र उलटे आहे. तेथे ‘ओ’ गटालाच तीव्र आजाराचा धोका अधिक.

काय करावे?

उपचार लांबल्यास फॅल्सिपेरम हिवताप २४ तासांतही गंभीर होऊ शकतो. त्यामुळे रक्तगट कोणताही असो, ताप येताच आशा स्वयंसेविकेकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे आणि ताप उतरला तरी गोळ्या पूर्ण घ्याव्यात.