आभाळाला लटकलेला कोळी

उजवी तर्जनी आर-टू बटणावर ठेवा. दाबा. सुर्रर्र! मनगटातून धागा सुटला, लाल-निळा गडी हवेत झेपावला. खाली पिवळट हिरवं धुकं, समोर न्यूयॉर्कच्या गच्च्या. आता पटकन सांगा, तो धागा वर नेमका कशाला चिकटलाय?

कशालाच नाही. थेट आभाळाला!

हे वाचून ज्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, ते आपल्या गँगचे. बाकीच्यांनी चटकन सतरंजीवर जागा पकडा. साल २०००, मशीन प्लेस्टेशन, गेम ‘स्पायडर-मॅन’. सीडी आत, झाकण बंद, स्टार्ट!

धुक्यामागचं गुपित

माहीत आहे का, ते धुकं म्हणजे एक जबरदस्त जुगाड होता? पहिल्या प्लेस्टेशनची मेन मेमरी होती फक्त २ मेगाबाइट. आज ८ जीबीचा फोन खिशात असेल, तर त्यात त्याच्या ४,०९६ पट मेमरी आहे! एवढ्याशा जागेत आख्खं न्यूयॉर्क बसवायचं कसं? रस्ते, गाड्या, गर्दी, फुटपाथ?

उत्तर सोपं. बसवायचंच नाही! गच्च्या दाखवायच्या आणि खालचं सगळं धुक्यात बुडवायचं.

पण खरी कमाल पुढे आहे. हे धुकं त्यांनी कथेतच गुंफून टाकलं. व्हिलन मंडळींनी शहरात विषारी वायू सोडलाय, म्हणून रस्ते दिसत नाहीत! मशीनची अडचण झाली कथेचं रहस्य. याला म्हणतात एका जाळ्यात दोन मासे.

स्केटबोर्डवरून आलेला कोळी

हा गेम बनवला नेव्हरसॉफ्ट या अमेरिकन कंपनीनं आणि बाजारात आणला अ‍ॅक्टिव्हिजननं. आता नेव्हरसॉफ्टची आधीची हिट कोणती, ओळखा पाहू. ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’, साल १९९९. स्केटबोर्डचा गेम! स्पायडर-मॅनच्या पोटात धडधडतंय ते याच गेमचं इंजिन.

थांबा, वंशावळ अजून मागे जाते. स्केटबोर्डच्या आधी, १९९८ मध्ये, याच टीमनं ‘अपोकॅलिप्स’ नावाचा गेम काढला होता. त्याचा हीरो कोण? ‘डाय हार्ड’वाला ब्रूस विलिस! चेहरा त्याचा, आवाजही त्याचाच. आधी ब्रूस विलिस, मग टोनी हॉक, मग पीटर पार्कर. काय खानदान आहे!

आणि कोळीबुवांनी उपकाराची परतफेडही केली. २००० मध्येच आलेल्या ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर २’मध्ये एक सीक्रेट खेळाडू लपलेला आहे. लाल मास्क, निळी पँट, पायाखाली स्केटबोर्ड. ओळखलंत ना?

आवाज ओळखा, बक्षीस मिळवा

गेम सुरू होताच कानावर पडतो खुद्द स्टॅन ली यांचा आवाज! हो, तेच स्टॅन ली, ज्यांनी चित्रकार स्टीव्ह डिटको यांच्यासोबत १९६२ मध्ये स्पायडर-मॅन जन्माला घातला. आजोबांनीच नातवाची ओळख करून द्यावी, तसा थाट.

आता कान टवकारा. या गेममध्ये स्पायडर-मॅनला आवाज दिलाय रिनो रोमानो यांनी. चार वर्षांनी, २००४ मध्ये, ‘द बॅटमॅन’ ही कार्टून मालिका आली. त्यात बॅटमॅनचा आवाज कोणाचा? रिनो रोमानो यांचाच! मार्व्हलचा कोळी आणि डीसीचं वटवाघूळ, गळा एकच.

अजून हवंय? गेममधल्या डॉक्टर ऑक्टोपसचा आवाज आहे एफ्रम झिम्बलिस्ट ज्युनियर यांचा. नव्वदच्या दशकातल्या बॅटमॅन कार्टूनमध्ये ब्रूस वेनची काळजी वाहणारा प्रेमळ बटलर आल्फ्रेड आठवतो? तोही आवाज त्यांचाच. म्हणजे इकडे आठ हातापायांनी शहर पिळायचं आणि तिकडे अदबीनं चहाचा ट्रे आणायचा!

स्टोरी फटाफट

सुधारलेला, सज्जन झालेला डॉक्टर ऑक्टोपस विज्ञानाचं प्रात्यक्षिक दाखवतोय. तेवढ्यात स्पायडर-मॅन येतो आणि यंत्रच पळवतो! पण गर्दीत तर पीटर पार्कर स्वतः उभा. मग हा तोतया कोण? उत्तर, भ्रमाचा बादशहा मिस्टेरिओ. या गोंधळात फोटोग्राफर एडी ब्रॉकचा कॅमेरा फुटतो, त्याचं डोकं सटकतं आणि जागा होतो काळाकुट्ट व्हेनम.

पोलीस मागे, व्हिलन पुढे, मध्ये आपण. हेलिकॉप्टरमधून गोळ्यांचा वर्षाव आणि आपण गच्चीवरून गच्चीवर टणाटण उड्या मारतोय. तळहाताला घाम फुटायचा, कंट्रोलर निसटायचा!

अधूनमधून ब्लॅक कॅट, ह्यूमन टॉर्च, डेअरडेव्हिल, पनिशर आणि कॅप्टन अमेरिका हजेरी लावून जातात. स्पायडर-मॅनचा पहिला बिग बजेट सिनेमा आला मे २००२ मध्ये. म्हणजे मोठ्या पडद्याच्या जवळपास दोन वर्षं आधी, सगळी मित्रमंडळी आपल्या टीव्हीवर येऊन गेली होती.

डोकं चालवा, बॉस हरवा

रायनो या व्हिलनला बुक्क्या मारून काही होत नाही. मग? त्याला चिडवायचं, अंगावर येऊ द्यायचं आणि ऐनवेळी बाजूला उडी! साहेब थेट विजेच्या यंत्रावर आदळतात. धडाम! बैलाला लाल कापड दाखवा, बाकी काम बैलच करतो.

कार्नेज आणखी अवघड. त्याला चीत करायचं तर ध्वनिलहरींच्या बुडबुड्यात ढकलायचं. कारण कॉमिक्समध्ये व्हेनम-कार्नेज जातीच्या परग्रहवासीयांना, म्हणजे सिम्बायोटना, कर्कश आवाज सोसत नाही. आमच्या आळीतली गणपतीतली लाऊडस्पीकरची भिंत त्याला पहिल्याच दिवशी पुरली असती.

आणि शेवट? डॉक्टर ऑक्टोपस अधिक कार्नेजचा सिम्बायोट बरोबर मॉन्स्टर ऑक! त्याच्याशी लढायचं नाही, फक्त पळायचं. कोसळणारे बोगदे, मागून किंकाळ्या आणि एक चुकीची उडी की खेळ खल्लास. सांगलीला मामाकडे हा पाठलाग सुरू झाला, की आमची धाकटी मामेबहीण उशीत तोंड खुपसायची आणि तिथूनच ओरडायची, “दादा, सुटलास का रे?”

उलटं वाचा, सगळं उघडा

माहीत आहे का, सगळं अनलॉक करणारा चीट कोड काय होता? ई-ई-एल, जागा सोडा, एन-ए-टी-एस. आता मागून पुढे वाचा. एस-टी-ए-एन, एल-ई-ई. स्टॅन ली! आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर हा कोड लाल पेननं लिहिलेला होता, त्याच पानावर सोळाचा पाढा.

त्याहून भारी गंमत ऐका. चीट कोडच्या जागी कोणी अचकटविचकट शिवी टाइप केली तर? स्पायडर-मॅन स्वतः येतो आणि त्या शब्दाला बुक्के मारून त्याचं चांगल्या शब्दात रूपांतर करतो! शाळेतल्या बाईंनीसुद्धा इतक्या झटपट कोणाची भाषा सुधारली नसेल.

डोक्यावर कागदी पिशवी

आता कपाट उघडू. सिम्बायोटचा काळा सूट आहे, भविष्यातला ‘२०९९’ आहे, स्कार्लेट स्पायडर आहे, सर्वशक्तिमान कॅप्टन युनिव्हर्स आहे. आणि आहे आपला लाडका बॅग-मॅन! अंगावर फँटॅस्टिक फोरचा ड्रेस, डोक्यावर चक्क कागदी पिशवी.

हा विनोद गेमवाल्यांनी हवेतून काढलेला नाही. १९८४ मध्ये ‘द अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या २५८ व्या अंकात काळा सूट अंगावरून निघाल्यावर बिचाऱ्या पीटरला याच अवतारात घरी जावं लागलं होतं. गेमनं ही आठवण प्रेमानं जपली. गरिबी इतकी खरी, की बॅग-मॅनला धाग्याची काडतुसंही दोनच मिळतात!

काळी सीडी, पांढरा रुमाल

प्लेस्टेशनची सीडी उलटी करून पाहिलीय? खालून काळी कुळकुळीत! कित्येकांना वाटायचं, कॉपी होऊ नये म्हणून हा रंग. पण लेझरला त्या काळ्या प्लॅस्टिकमधून आरपार दिसतं, कारण तो इन्फ्रारेड प्रकाश असतो. कॉपी रोखणारं खरं कुलूप होतं सीडीच्या आतल्या भागात, खाचेच्या मुद्दाम केलेल्या थरथरीत. साधा सीडी रायटर ती थरथर लिहूच शकत नसे. ओरिजिनलची ओळख तिच्या कंपावरून!

मामाकडे सीडी हाताळायचा मान थोरल्या दादाचा. तो ती दोन बोटांत कडेनं धरायचा, हळूच ‘हाऽऽ’ करून वाफ सोडायचा, मग इस्त्रीचा पांढरा रुमाल मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल पुसलं की ओरडा. मग मधल्या खुंटीवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी ‘टक्’. झाकण. श्वास रोखून सगळे टीव्हीकडे. काळ्या स्क्रीनवर रंगीत ‘पी’ आणि ‘एस’ उमटले, की सतरंजीवर एकच जल्लोष.

मग यायचं लोडिंग. ड्राइव्हचा वेग सेकंदाला ३०० किलोबाइट. म्हणजे ती २ मेगाबाइटची मेमरी काठोकाठ भरायला साधारण ७ सेकंद. तेवढ्यात भडंगाचा एक बकाणा सहज व्हायचा!

आणि मेमरी कार्ड? १२८ किलोबाइट, त्यात वापरायला १५ ब्लॉक. फोनमधल्या ३ एमबीच्या एका फोटोसाठी अशी दोन डझन कार्डं लागतील. आम्ही पाच भावंडांनी त्या १५ ब्लॉकची समान वाटणी केली होती, माणशी तीन. जमिनीची वाटणीही इतक्या सामोपचारानं होत नाही.

भांडणातून जन्मला प्लेस्टेशन

माहीत आहे का, प्लेस्टेशन मुळात सोनी आणि निन्टेन्डोच्या दोस्तीतून येणार होता? १९९१ मध्ये सोनीनं एका मोठ्या प्रदर्शनात घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोनं जाहीर केलं, आम्ही फिलिप्ससोबत जाणार. भर मांडवात मोडलेली सोयरीक! सोनीच्या केन कुतारागी यांनी मग जिद्दीनं स्वतःचंच मशीन उभं केलं. ३ डिसेंबर १९९४ ला ते जपानमध्ये आलं आणि पुढे १० कोटींचा टप्पा गाठणारा जगातला पहिला घरगुती गेमिंग कन्सोल ठरला.

त्या मोडलेल्या सोयरिकीच्या काळातल्या मशीनचा एक नमुना २०२० मध्ये लिलावात निघाला. किंमत आली ३ लाख ६० हजार डॉलर!

सीडी विरुद्ध कार्ट्रिज हा सामना आपल्या कोळ्यानंही पाहिला. हाच गेम निन्टेन्डो ६४ वर आला, तेव्हा कार्ट्रिजमध्ये सिनेमासारखे प्रसंग मावेनात. मग तिथे कॉमिक्ससारखी स्थिर चित्रं आली. सीडी जिंकली, पण कॉमिक्सही हरलं नाही!

एक हळवं पान

२००१ मध्ये दुसरा भाग आला, ‘एंटर इलेक्ट्रो’. त्यातली शेवटची लढाई वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावर होती. मग ११ सप्टेंबर उजाडला. गेम थांबवला गेला, ती इमारत बदलली आणि बदललेली आवृत्ती ऑक्टोबरमध्ये दुकानांत आली. ज्या शहराच्या गच्च्यांवर आपण बागडलो, त्या शहराच्या दुःखाला गेमनंही मान खाली घालून जागा दिली.

कोळी? मग मुंबईला का नाही!

चला, पुन्हा उडी. कोळी आणि जाळं, या जोडीची मुंबईला काय नवलाई? आणि खरंच, २००४ मध्ये मुंबईचा स्पायडर-मॅन आला! नाव पवित्र प्रभाकर. पीटर पार्कर जरा वेगात म्हणून बघा, कळेल. मेरी जेनची झाली मीरा जैन. सूटमध्ये पँटऐवजी धोतर. २०२३ च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये तर त्यानं ‘मुंबत्तन’ गाजवलं, म्हणजे मुंबई अधिक मॅनहॅटन. त्याच सिनेमात पवित्रला हिंदी आणि पंजाबी आवाज कोणी दिला? क्रिकेटर शुभमन गिलनं! याला म्हणतात कव्हर ड्राइव्ह टू व्हॉइसओव्हर.

धागा सुटला, धागा चिकटला

जाता जाता शेवटचा प्रश्न. तो धागा आभाळातून इमारतीवर कधी आला? २००४ मध्ये, ट्रेयार्कच्या ‘स्पायडर-मॅन २’मध्ये. धागा खऱ्या भिंतीला चिकटू लागला, धुकं विरलं, रस्त्यावर उतरता येऊ लागलं. टॅक्स्या, माणसं, सिग्नल, सगळं होतं. भन्नाटच गेम!

तरी सांगतो, पहिल्या गेममधल्या धुक्याखालचं न्यूयॉर्क त्याहून मोठं होतं. दादा म्हणायचा, खाली भुयारी रेल्वे आहे. मी म्हणायचो, खाली समुद्रापर्यंत जाणारा रस्ता आहे. धाकटीचं ठाम मत होतं, की खाली एक आइस्क्रीमवाला उभा आहे आणि धुक्यामुळे त्याचं गिऱ्हाईक बुडतंय. त्याच्यासाठी तरी दादानं मॉन्स्टर ऑकपासून सुटायलाच हवं होतं!

२ मेगाबाइटमध्ये जे शहर मावलं नाही, ते सांगलीतल्या एका सतरंजीवर ऐसपैस मावलं.