याची टोपी त्याच्या डोक्यावर : कार्डाची बाकी फिरवण्याआधी

क्रेडिट कार्ड ही आता फक्त साहेबलोकांची चीज राहिलेली नाही. मानकोली, पूर्णा, राहनाळच्या गोडाऊनमध्ये माल मोजणारी आपली मुले, पालिकेतले कामगार, शाळेतल्या शिक्षिका, अनेकांच्या खिशात ते आहे. मुलीची फी, आईचे ऑपरेशन, लग्नाचा हॉल. नड आली की कार्ड घासायचे आणि बिल आले की 'मिनिमम ड्यू' म्हणून छापलेला आकडा भरून मोकळे व्हायचे. बाकी वाढत गेली की दुसऱ्या बँकेचा फोन येतो : "तुमची बाकी आमच्या कार्डावर घ्या, व्याज कमी पडेल." याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर याची टोपी त्याच्या डोक्यावर. विहारात रविवारी वंदना झाली की चार जण बिले घेऊन विचारायला बसतात, फिरवू की नको? त्याचे उत्तर हिशेबातच आहे, म्हणून इथे हिशेबच मांडतो.

समजा, कार्डावर 40,000 रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे. ऐकायला साडेतीन फार वाटत नाही, पण दरसाल दर शेकडा ते 42 झाले! महिन्याचे व्याज 1,400 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 252, मिळून 1,652. तुम्ही 2,500 भरलेत तर मुद्दलातून फक्त 848 रुपये कमी झाले. याच गतीने, कार्डावर एक रुपयाची नवी खरेदी न करता, कर्ज फिटायला 27 महिने लागतात आणि सुमारे 27 हजार रुपये वर जातात.

आता तीच बाकी दुसऱ्या बँकेने 12 हप्त्यांत, महिना दीड टक्क्याने घेतली असे धरा. फी दोन टक्के, म्हणजे 800, त्यावर जीएसटी 144. हप्ता सुमारे 3,670 रुपये, वर व्याजावरचा जीएसटी. वर्षाअखेर एकूण भुर्दंड 5,700 रुपयांच्या आत. 27 हजारांच्या जागी 5,700! इथेच एजंट आपली वही मिटतो.

पण आपण मिटायची नाही. समजा, तुम्ही बाकी कुठेही फिरवली नाही, जुन्याच कार्डावर 2,500 ऐवजी महिना 3,700 भरू लागलात. तर कर्ज 15 महिन्यांत फिटते आणि भुर्दंड सुमारे 14 हजार होतो. म्हणजे वाचलेल्या 21 हजारांतले जवळपास 13 हजार हे हप्ता वाढवल्यामुळे वाचले, बँक बदलल्यामुळे नव्हे. बँक बदलल्याने वाचले ते आठेक हजार. तेही थोडे नाहीत, कष्टाचे पैसे आहेत. मात्र ज्याला महिना 3,700 काढणे जमणार नाही, त्याला ही स्कीम वाचवणार नाही. लूमवर पंधरवड्याला मीटरच्या हिशेबाने पगार घेणाऱ्याने तर आधी मंदीच्या महिन्यात हप्ता कुठून येणार ते पाहावे. हप्ता चुकला की लेट फी लागते, आणि सवलतीचा दर राहतो की जातो हे त्या बँकेच्या अटींवर ठरते. ती अट फोनवर कोणी वाचून दाखवत नाही, लेखी मागावी लागते.

दोन खाचखळगे आणखी आहेत. काही बँका दोन-तीन महिनेच कमी व्याज लावतात. मुदत संपली की उरलेल्या रकमेवर पुन्हा तेच साडेतीन टक्के. दुसरे, कार्डावर बाकी थकलेली असताना नवी खरेदी केली तर तिला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासूनच व्याज चढते. म्हणून नव्या कार्डावर फक्त हप्ता असावा, किराणा नाही. बाजारात कार्ड घासून कमिशनवर रोख देणारे बसलेले असतात, त्यांच्या दुकानाची पायरी चढूच नये.

एक गोष्ट मला सारखी खुपते. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराने शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज दिले तर शासनाने ठरवलेला दर आहे दरसाल 18 टक्के. त्याहून जास्त घेणारा सावकार गुन्हेगार. बँकेला तो कायदा लागू नाही, तिचे 42 टक्के कायदेशीर! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 साली कार्डावर 30 टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा कोणी वरून येऊन दर कमी करील ही आशा सध्या ठेवता येत नाही.

मग स्वस्त जागा आपणच शोधायची. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यातले एक अनणसुख, म्हणजे कर्ज नसण्याचे सुख. अनाथपिंडिक मोठा श्रेष्ठी होता, तरी त्यालाही हे सांगावे लागले. नोकरीच्या ठिकाणी पतपेढी असेल तर तिथले कर्ज कार्डापेक्षा बहुधा फार स्वस्त पडते आणि हप्ता पगारातूनच कापला जातो, त्यामुळे चुकत नाही. घरातल्या भगिनी बचत गटात असतील तर गटाचे महिना दोन टक्केसुद्धा कार्डाच्या साडेतिनापेक्षा बरे, आणि ते व्याज गटातच राहते. नवऱ्याने कार्डाचे बिल बायकोपासून लपवलेले असते, म्हणून हा मार्ग अनेक घरांत सुचतच नाही. बिल दोघांनी मिळून वाचावे.

आणि थकबाकीला घाबरून कोणी तोंड लपवू नये. वसुलीवाल्याला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2022 साली स्पष्ट केले आहे. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. 30 दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, चौकशीचा क्रमांक 14448.

बाकी फिरवलीच, तर जुन्या कार्डाचे काय? बहुतेक जण ते कपाटात ठेवतात आणि दिवाळीला पुन्हा बाहेर काढतात. मग एका कर्जाची दोन होतात. सगळी रक्कम वळती झाली की बँकेला कार्ड बंद करण्याचा लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच ठेवावी. बाकी शून्य असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. उशीर केला तर कार्ड बंद होईपर्यंत दर दिवसाला 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत.